सांडपाण्याची ऊर्ध्ववाहिनी आणि दुर्गंधी

बेळगाव शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून शेतशिवारात उतरत आले आहे, हे शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. सखल भागातील असे पाणी पंपाने चढवून शुद्धीकरण केंद्राकडे नेणाऱ्या नळास ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. हा नळ भरलेला असतो. आत हवेस वाव नसतो. पाणी रेंगाळले की जिवाणू त्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. भविष्याच्या सोयीसाठी भलामोठा नळ घालण्याचा मोह होतो. पण त्यात वेग मंदावतो व गाळ बसतो. वेग सेकंदास किमान ०.६ मीटर हवा. नळ ज्या मॅनहोलात रिता होतो, तेथे वायू मोकळा होतो. कुजक्या अंड्यासारखा वास हा इशारा होय. मात्र वायू फार वाढला की नाकच बधिर होते, आणि वास गेला असे समजून उतरणारा प्राणास मुकतो. संरक्षक साधनांविना कोणासही गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.