जळजळीची गोळी, प्रयोगशाळेत
झणझणीत शेवभाजीवर ताव मारला आणि छातीत जळजळलं, की जळगाव काय, धुळं काय, हात ओमेप्राझोलकडे जातो. प्रयोगशाळेत मात्र हे औषध भारी लहरी! आम्लात रूप पालटल्याशिवाय ते जठरात आम्ल सोडणाऱ्या प्रोटॉन पंपाला चिकटतच नाही. म्हणून पंपावरच्या प्रयोगात त्याला आधी आम्ल दाखवावं लागतं.

त्याचं भावंड लान्सोप्राझोल आणखी वेगळं. २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांना दिसलं, की पेशीत शिरल्यावर त्याचं सल्फाइड बनतं आणि ते क्षयजंतूची ऊर्जानिर्मितीच रोखतं. ओमेप्राझोलला हे जमलं नाही. अर्थात, ही करामत पेशींतली आणि उंदरांतली. क्षयरुग्णांनी आपल्या गोळ्या बदलायच्या नाहीत बरं का!