उपकरणे घडविणारा भौतिकशास्त्रज्ञ

राजपुऱ्यातून कामानिमित्त इंदूरला जाणारे पुष्कळ. परंतु अणुरेणूंच्या अभ्यासासाठी खास प्रकाश निर्माण करणारे यंत्र तेथे आहे, हे ठाऊक असणारे थोडे. ते ज्या केंद्रात उभे राहिले, त्याचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर.

१९४० साली सागर येथे जन्म, तेथील विद्यापीठात शिक्षण, इंग्लंडमधील साउदम्प्टनची डॉक्टरेट आणि मग भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरचे काम, हा क्रम लवकर सांगून होतो. विशेष असे की, या भौतिकशास्त्रज्ञाला १९८४ चा भटनागर पुरस्कार लाभला तो अभियांत्रिकी विज्ञानासाठी! लेसर समजून घेणे आणि तो घडविणे यांत त्यांनी भेद मानला नाही.

१९८७ ते २००३ या काळात त्यांनी इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची धुरा वाहिली. १९९९ साली ‘इंडस-१’ सुरू झाले. त्यात ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वळणावर प्रकाश टाकतात. त्यातील दूरचे अतिनील किरण हवाच शोषून घेते. म्हणून ते निर्वात नळीतून वायूच्या नमुन्यापर्यंत न्यावे लागतात. रेणूने कोणती तरंगलांबी शोषली, यावरून त्याच्या ऊर्जापातळ्या उमगतात. शोधनिबंधावर नाव येते ते मोजणाऱ्याचे. यंत्र उभारणारा बहुधा अनुल्लेखितच राहतो. हा न्याय नव्हे.

भवाळकरांना २००० साली पद्मश्री मिळाली. पुढे केंद्राला राजा रामण्णांचे नाव देण्यात आले. देशभरातील विद्यापीठांचे संशोधक आपापले नमुने घेऊन तेथे येतात.