धर्म कीं अर्थ? : योबेल वर्षाचा विचार

(दिघोरी येथील आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या या मंगल दिवशीं प्रथम सर्वसमर्थ परमेश्वराचे आभार मानूं या. पन्नास वर्षांमागें या जागीं कवेलूंचें एक लहानसें छप्पर होतें, आणि पावसाळ्यांत मिस्सा चालू असतां वेदीवर छत्री धरावी लागे, असें आम्हीं येथील वृद्धांच्या तोंडून ऐकिलें आहे. ती छत्री धरणाऱ्यांपैकीं दोघे आज पुढच्या रांगेंत बसले आहेत. त्यांस पाहून आमचा कंठ दाटून येतो. परंतु आजचें आमचें बोलणें केवळ गौरवाचें नाहीं, आणि त्याबद्दल आपली क्षमा आम्ही आधींच मागून ठेवितों.

'ज्युबिली' हा शब्द आपण इंग्रजींतून घेतला, पण त्याचें मूळ इस्राएल लोकांच्या योबेल वर्षांत आहे. लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहावा. सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें; ज्यानें नड पडून शेत विकलें असेल त्याचें शेत त्याच्या कुळास परत मिळावें; ज्यानें दारिद्र्यापायीं स्वतःस दुसऱ्याच्या चाकरींत घातलें असेल त्यानें मुलांबाळांसह आपल्या घरीं जावें, असा तो नियम आहे. आणि शिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें? प्रायश्चित्ताच्या दिवशीं. म्हणजे ज्या दिवशीं पापांची क्षमा मागावयाची, त्याच दिवशीं नडलेल्याच्या बेड्या तोडावयाच्या. देवानें या दोन गोष्टी एका दिवसावर ठेविल्या. माणसानें मात्र त्या वेगळ्या केल्या आणि त्यांचें भांडण लावून दिलें.

हें भांडण आपल्या ओसरीपर्यंत आलें आहे. कोणी म्हणतो, "तुमच्या आजोबांनीं पोटासाठीं धर्म घेतला." कोणी शिकलेला तरुण म्हणतो, "देवाधर्माच्या नादानें तुम्ही दरिद्री राहिलां. आधीं पैसा, मग प्रार्थना." आणि आमच्यासारखे धर्मगुरू वेदीजवळून म्हणतात, "जपमाळ सुटली, दारू वाढली, म्हणून घरें बुडालीं." तिघांच्याहि बोलण्यांत थोडें सत्य आहे, आणि तिघेहि कर्जदाराच्या घरांत न डोकावतां बोलतात.

या वादाचा एक दाखला आपल्या प्रांतांतील एका थोर पुरुषानें आयर्लंडमधून घेतला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ सालीं याच भंडारा मतदारसंघांत लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले, हें आपल्यांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. त्यांनीं १९३६ सालीं लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठीं एक भाषण लिहिलें होतें. मंडळास तें मानवलें नाहीं, सभाच रद्द झाली, तेव्हां त्यांनीं तें स्वतः छापून प्रसिद्ध केलें. त्यांत ते सांगतात कीं, आयर्लंडच्या स्वराज्याच्या वाटाघाटींत रेडमंड यांनीं अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांस हवीं तीं संरक्षणें देऊं केलीं; परंतु आम्हांस तुमचें राज्यच नको, असें म्हणून अल्स्टरवाल्यांनीं तीं झिडकारिलीं. धर्मानें व समाजानें दुभंगलेलीं मनें केवळ राजकीय करारानें जुळत नाहींत, हा त्यांतला बोध. त्याच भाषणांत ते समाजवाद्यांस विचारतात कीं, पैसा हीच एक सत्ता असेल, तर या देशांतील धनवान लोक निर्धन साधू-फकिरांपुढें कां वांकतात? पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं जो मार्ग धरिला तो आपल्या मार्गाहून निराळा आहे. पण भाकरीचा प्रश्न सोडविला म्हणजे धर्माचा प्रश्न आपोआप सुटतो असें नाहीं, हें त्यांचें म्हणणें आपणांसहि विचार करावयास लावणारें आहे.

आतां त्या आयर्लंडाकडे पाहूं. लोक बहुतेक कॅथलिक. जमीन मात्र बहुतांशीं प्रॉटेस्टंट जमीनदारांची, आणि त्यांतले कित्येक इंग्लंडांत राहणारे. कुळानें बांध घातला, पडीक रान फोडलें, तरी बहुतेक ठिकाणीं त्या सुधारणेवर त्याचा हक्क नसे. उलट खंड वाढण्याची भीति असे. आपल्या वाडवडिलांनीं मालगुजारी पाहिली. ती १९५० च्या कायद्यानें संपली. त्यांच्या गोष्टी ऐकत जे वाढले, त्यांस हें समजावून सांगावें लागणार नाहीं. १८४५ पासून तेथें बटाट्याचें पीक रोगानें कुजूं लागलें, आणि गरिबांचें अन्न तेंच. सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. आणि त्याच वेळीं धान्य व गुरें जहाजांतून बाहेर जातच होतीं. १८४१ सालीं त्या बेटावर ८१ लक्षांहून अधिक लोक होते. १९११ सालीं सुमारें ४४ लक्ष उरले.

या दुष्काळांत कांहीं प्रॉटेस्टंट प्रचारकांनीं अन्नाबरोबर धर्मांतराची अट घातली, आणि ज्यांनीं तें अन्न घेतलें त्यांस पुढें पिढ्यान् पिढ्या 'सूप पिणारे' म्हणून हिणविलें गेलें. हिणविणारे कोण? आपलेच कॅथलिक धर्मबांधव. 'पोटासाठीं धर्म घेतला' हा टोमणा आपल्यापैकीं कित्येकांस लागतो. तोच टोमणा आपल्या लोकांनींहि भुकेलेल्यांस मारिला होता, हें विसरूं नये.

पुढें वाद पेटला कीं, या ऱ्हासाचें कारण काय? सर होरेस प्लंकेट हे प्रॉटेस्टंट गृहस्थ. शेतकऱ्यांच्या कल्याणासाठीं झिजलेले. १९०४ सालीं त्यांनीं एका ग्रंथांत लिहिलें कीं, कॅथलिक धर्माच्या वळणामुळें लोकांत स्वतःच्या बळावर उद्योग करण्याची वृत्ति वाढली नाहीं, आणि दरिद्री मुलखांत भारी खर्चाचीं देवळें उठविलीं गेलीं. त्यांस मायकेल ओ'रिओर्डन या धर्मगुरूंनीं ग्रंथ लिहूनच उत्तर दिलें: ज्या लोकांस कायद्यानें शतकभर जमिनीपासून, शाळेपासून व अधिकारापासून दूर ठेविलें, त्यांच्या दारिद्र्याचा दोष त्यांच्या श्रद्धेवर कसा टाकतां? १९१० सालीं दुसरी चकमक झाली. डब्लिन येथें उपवासकाळाच्या प्रवचनांत फादर रॉबर्ट केन या जेज्वीटांनीं समाजवादावर कडक टीका केली, आणि जेम्स कॉनोली या कामगार पुढाऱ्यानें पुस्तिका लिहून तिला उत्तर दिलें. तोच कॉनोली १९१६ च्या बंडानंतर १२ मे रोजीं गोळ्या घालून मारला गेला. मरणापूर्वी त्यानें पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घेतला.

धर्माच्या बाजूनें बोलणाऱ्यांचेंहि सर्वच बरोबर होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. कुळांनीं एकजूट करून वाजवी तेवढाच खंड द्यावयाचा, अशी चळवळ तेथें १८८६ सालीं निघाली. १८८८ सालीं रोमहून तिचा निषेध झाला. कुळांनीं त्यामुळें श्रद्धा सोडली नाहीं, आणि खंडाचा लढाहि सोडला नाहीं. तीनच वर्षांनीं, १८९१ सालीं, परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनीं मजुरांच्या स्थितीवरील आपलें सुप्रसिद्ध विश्वपत्र काढून वाजवी मजुरी हा न्यायाचा प्रश्न आहे असें जगास सांगितलें.

हे वाद चालू असतां एक मनुष्य निमूटपणें निराळेंच काम करीत होता. फादर टॉमस फिनले हे जेज्वीट, आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १८९४ सालीं आयर्लंडांत शेतकऱ्यांच्या सहकाराची मध्यवर्ती संस्था निघाली. तिचे अध्यक्ष प्लंकेट, आणि उपाध्यक्ष हे फादर फिनले. ज्या प्लंकेट यांनीं पुढें धर्मसभेवर टीका केली, त्यांच्याच बरोबर हा धर्मगुरू गांवोगांव जाऊन शेतकऱ्यांस दुधाच्या डेअऱ्या व पतपेढ्या काढावयास शिकवीत होता. पतपेढीची रीत साधी होती. एका गांवच्या लोकांनीं एकमेकांस जामीन राहावें. कर्ज थोडें, आणि कशासाठीं हवें तें सांगून घ्यावें. त्या कामास पैसा लागला कीं नाहीं हें शेजाऱ्यांनींच पाहावें. येथें पैशाचा व्यवहार होता, पण तो शेजाऱ्याच्या शब्दावर उभा होता. शब्द पाळणें हा धर्म. धर्म नसेल तेथें अशी पेढी महिनाभरहि टिकणार नाहीं.

आपल्या देशांतहि याच धर्तीच्या पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला. त्याच्या आधारें जीं कामें उभीं राहिलीं त्यांतलें एक आपल्याच मराठी बोलणाऱ्या धर्मबांधवांचें आहे. वसईस १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं कॅथलिकांची सहकारी पतपेढी काढली; आज ती मोठी बँक झाली आहे. आरंभ मात्र लहानच होता.

आयर्लंडची गोष्ट येथें संपत नाहीं. स्वराज्य मिळालें, तरी माणसें देश सोडून जातच राहिलीं. १९६१ सालीं स्वतंत्र आयर्लंडांत २८ लक्ष लोक होते. नंतर संपत्ति आली, आणि देवळें ओस पडूं लागलीं. पैसा आला म्हणून श्रद्धा गेली, असें म्हणून मोकळें होणें आम्हांस सोपें आहे. परंतु २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालानें, धर्मसंघांनीं चालविलेल्या बालगृहांत मुलांचे किती वर्षें हाल झाले तें जगापुढें आणिलें. ती श्रद्धा पैशानें मारिली त्याहून अधिक आमच्यासारख्यांनीं मारिली. पोट भरलें कीं श्रद्धा मरते हें खरें नाहीं; न्याय सोडलेल्या माणसांच्या हातीं श्रद्धा गेली कीं ती मरते.

म्हणून आम्हांस आमचीच एक चूक येथें सांगितली पाहिजे. पूर्वी दुसऱ्या एका गांवीं असतां एक शेतकरी सावकाराचें कर्ज फेडण्यासाठीं मदत मागावयास आला. त्याच्या तोंडास मोहाच्या दारूचा वास येत होता. आम्हीं त्यास अर्धा तास दारूच्या पापावर उपदेश केला. तो मान खालीं घालून ऐकत राहिला, 'होय फादर' म्हणाला, आणि गेला. पुढें त्याच्या शेजारणीकडून कळलें कीं, कर्ज लेकीच्या आजारापायीं झालें होतें. बैलजोडी विकली गेली, रोवणीस पैसा राहिला नाहीं, आणि दारू त्यानंतर आली. हें कळलें तेव्हां तें कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलें होतें. त्या मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी झाली होती. तो तिला आमच्या हातून मिळाला नाहीं. ती माणसें पुनः आम्हांस भेटलीं नाहींत.

त्या पश्चात्तापानें आम्हीं पुढें उलट चूक केली. दुसरा एक नडलेला आला, त्यास कांहीं न विचारतां पैसे दिले. महिन्याच्या आंत त्याची बायको रडत आली. सगळे पैसे गुत्त्यांत गेले होते. पहिल्या वेळीं आम्हीं माणसाचें पाप पाहिलें, त्याचें कर्ज पाहिलें नाहीं. दुसऱ्या वेळीं कर्ज पाहिलें, माणूस पाहिलाच नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. सुवर्णमहोत्सवाचा निधि आपण घंटेच्या मनोऱ्यासाठीं दिला आहे, आणि तो मागणारे आम्हीच होतों. मनोऱ्याचा हट्टहि आमचाच अधिक होता. आज आम्ही आपणांपुढें विनंति ठेवितों कीं, त्यांतला अर्धा भाग बाजूस काढून आपल्या गांवीं धान्याची कोठी व पतपेढी काढावी. रोवणीच्या आधीं बियाणें व हातखर्च थोड्या व्याजानें मिळावा. आजारपणासाठीं वेगळा भाग ठेवावा. पंचांत निम्म्या स्त्रिया असाव्या. किल्ली धर्मगुरूच्या हातीं नसावी. दर तीन महिन्यांनीं हिशेब सर्वांसमोर मोठ्यानें वाचून दाखवावा. जाणत्यांचा सल्ला घेऊन ती कायद्याप्रमाणें नोंदवावी. आणि एक नियम कधींहि मोडूं नये: मागणाऱ्याचा धर्म विचारूं नये. शेजारचा जो कोणी जामीन आणून नियम पाळील, त्यास ती उघडी असावी. भुकेच्या दारांत धर्माचा सौदा आपण करीत नाहीं, हें आपल्या वागण्यावरूनच गांवास कळूं द्यावें.

आमच्या एका वडीलधाऱ्या बंधूंनीं या विचारास विरोध केला आहे, आणि त्यांचें म्हणणें आपणांस सांगणें आमचें कर्तव्य आहे. ते म्हणाले, "फादर, धान सरतें, पैसा सरतो, घंटा आमच्या नातवंडांनाहि ऐकूं येईल." हें म्हणणें हलकें नाहीं. ज्या माणसाच्या मालकीचा सुंदर असा एक कोपराहि नाहीं, त्याचें देऊळ हाच त्याचा वाडा. आयर्लंडच्या गरिबांचीं देवळें एके काळीं हिरावून घेतलीं गेलीं होतीं, म्हणून त्यांनीं पै-पै जमवून नवीं बांधलीं. त्यास उधळपट्टी म्हणणें आमच्या जिवावर येतें. म्हणून मनोरा रद्द करा असें आम्ही म्हणत नाहीं. तो उशिरा होईल, कदाचित् आमच्या बदलीनंतर होईल. पण त्याची घंटा वाजेल तेव्हां ती ऐकावयास आपलीं घरें या गांवांत असलीं पाहिजेत. वीटभट्टीवर ती ऐकूं जात नाहीं.

पुढच्या रविवारीं मिस्सेनंतर सभा आहे. प्रत्येक घराचें एक मत. विधवेच्या घराचेंहि एक, आणि आमचें एकहि नाहीं. जें ठरेल तें आम्ही मानूं.

आपण सर्व पन्नास वर्षें एकमेकांचीं मढीं खांद्यावर वाहत आलां आहांत. आतां एकमेकांचीं कर्जें वाहतां येतात कीं नाहीं तें पाहूं या. पवित्र मरिया माता आपल्या घरांवर आपला पदर धरो, आणि सर्वसमर्थ देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.