गोऱ्या सरदारांची आडनावे

बऱ्हाणपूरलगतचे बहादरपूर मराठी वाचकांस ठाऊक आहे ते संभाजी महाराजांच्या कारकीर्दीतील १६८१ च्या स्वारीमुळे. याच मुलखात १८०३ च्या ऑक्टोबरात, असईच्या लढाईनंतर, शिंद्यांच्या कंपूतील काही युरोपी अधिकारी इंग्रजांस जाऊन मिळाले. अशा फ्रेंच शिलेदारांचा वंश शोधू जाणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांची. ‘मस्यू’चे आपल्याकडे ‘मुसा’ झाले आणि बुसी ‘मुसाबुसी’ म्हणूनच वावरला. हैदराबादचा रेमाँ हिंदूंचा ‘मुसाराम’, तर मुसलमानांचा ‘मुसा रहीम’! पण सारा दोष कारकुनांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. शिंद्यांचा सेनापती पेराँ मुळात पिएर क्युइए. त्याच्या आधीचा, सव्हॉय प्रांतातला डिबॉइन हा जन्मनावाने बन्वा लबोर्न्य. त्याच्या हिंदी पत्नीपासून झालेला अलीबक्ष बाप्तिस्म्यानंतर चार्ल्स अलेक्झांडर झाला. आईही हेलेन बेनेट या नावाने १८५३ मध्ये इंग्लंडात वारली. बाप श्रीमंत आणि नामांकित, म्हणून एवढा धागा टिकला. साध्या गोलंदाजाच्या ज्या मुलांची नोंद कोणत्याही चर्चच्या वहीत झाली नाही, त्यांचे आडनाव आईच्या घरातच विरून गेले.