हातातल्या खेळाची ऐपत

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून साकोलीला आलेले संगणक शिक्षक व खेळ घडवू पाहणारे तरुण मित्रहो, संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. नवी यंत्रे आली, ती महागली, त्यांवरचे खेळ अधिक देखणे झाले, आढावा एवढाच. मला अनेक वर्षे एकच गोष्ट बोलायची होती. हातात धरायच्या कन्सोलचा प्रोसेसर दुबळा, म्हणून त्यावरचा खेळही दुबळाच असणार, असे आपल्या वर्गांत बिनदिक्कत शिकवले जाते. ते चूक आहे, आणि त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत.

हा प्रोसेसर मंद का ठेवावा लागतो ते आधी पाहू. चिपचा वीजवापर घड्याळाच्या गतीबरोबर वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. गती चढवायची तर बहुधा व्होल्टेजही चढवावे लागते, त्यामुळे थोड्याशा वेगासाठी बॅटरी भराभर उतरते आणि ती सारी वीज उष्णता होऊन तळहाताला लागते. सोनीचा पीएसपी 2004 साली आला तेव्हा त्याचा प्रोसेसर 333 मेगाहर्ट्झने धावू शकत होता, पण कंपनीने खेळांना 222 मेगाहर्ट्झच वापरू दिले. पूर्ण गती मोकळी झाली ती 2007 मध्ये. त्याआधीचा दाखला तर याहून बोलका आहे. 1989 च्या गेम बॉयला सुमारे 4.19 मेगाहर्ट्झचा आठ-बिट प्रोसेसर, 8 किलोबाइट कार्यस्मृती आणि चार छटांचा पडदा होता. सेगाचा गेम गिअर पुढच्याच वर्षी रंगीत, उजळ पडदा घेऊन आला. पण सहा सेल चार-पाच तासांत संपवू लागला. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चालत असे. बाजार कोणी जिंकला हे सर्वांना ठाऊक आहे.

आता मुख्य मुद्दा. चित्र लहान करता येते, खेळ लहान करता येत नाही. निंटेंडोचा स्विच 2017 चा. टीव्हीला जोडला की चित्र 1080p पर्यंत जाते, हातात घेतला की 720p वर येते. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, म्हणून चित्र काढणाऱ्या भागाची गतीही उतरवता येते. मुख्य प्रोसेसरची गती मात्र दोन्हीकडे तीच ठेवली आहे. कारण उघड आहे: पडदा लहान झाला म्हणून अंगावर येणारे शत्रू कमी होत नाहीत, कोण कोणाला धडकले याचा हिशेब कमी होत नाही. सेकंदाला 60 फ्रेम हव्या तर हा सगळा हिशेब 16.7 मिलिसेकंदांत उरकला पाहिजे. खरी अडचण इथे आहे, आणि ती रचनेनेच सुटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा खेळ 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वांत आधी स्विचवरच आणला, मोठ्या यंत्रांवर तो नंतर गेला. त्यात कॅमेरा खेळाडूच्या हाती दिलेला नाही आणि कथेचे बरेच प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. हेतू कलेचा असो वा काटकसरीचा, कॅमेरा बांधलेला असला की काय दिसणार हे आधी ठरते, आणि जे दिसणार नाही ते घडवण्याचा भार यंत्रावर पडत नाही. महाराष्ट्रातल्या छोट्या चमूने केलेले हे काम आपल्या एकाही अभ्यासक्रमात नाही, याचा मला राग आहे.

यावर म्हटले जाते की चिप दरवर्षी सुधारते, थोडे थांबा. साधारण 2005 पर्यंत हे खरे होते. ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही उतरत असे. पुढे ती उतरण जवळजवळ थांबली. चिप आजही सुधारते, पण वेग फुकटात मिळत नाही, आणि तळहाताची सोसण्याची मर्यादा तर जिथल्या तिथेच आहे. दुसरे म्हणणे असे की तयार इंजिन सगळे सांभाळते. इंजिन चित्र सांभाळते. पडद्याबाहेरच्या दोनशे शत्रूंना प्रत्येक फ्रेममध्ये विचार करायला लावायचे की दर दहाव्या फ्रेमला, हे ठरवणे खेळ घडवणाऱ्याचेच काम आहे. क्लाउडवर खेळ चालवा म्हणणाऱ्यांनी नागझिऱ्याच्या कडेच्या गावांतली रेंज एकदा पाहावी. बटण दाबल्याची खबर दूरच्या सर्व्हरला जाऊन चित्र परत येईपर्यंत ते 16.7 मिलिसेकंद कधीच उलटून गेलेले असतात.

या भागातल्या मुलाच्या हातात कन्सोल नसतो, स्वस्तातला फोन असतो, आणि नियम त्यालाही हेच लागू आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की विद्यार्थ्याने पहिला खेळ वर्गातल्या सर्वांत कमकुवत फोनवर चालवून दाखवावा; फ्रेमचा वेळ आणि बॅटरीची घट मोजून वहीत लिहावी. यासाठी एक छोटी समिती नेमावी, तिने पुढच्या संमेलनापर्यंत दोन-तीन प्रात्यक्षिकांचा मसुदा आणावा. तपशील समितीने ठरवावेत. कमकुवत फोनची अट मात्र कोणी सैल करू नये.