लोकरीने बांधलेले घर



'पब' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो. मूळ शब्द 'पब्लिक हाऊस', म्हणजे लोकांचे घर. सॉमरसेट परगण्यात नॉर्टन सेंट फिलिप नावाचे खेडे आहे. तेथील 'जॉर्ज इन' या जुन्या घराविषयी मी बोलणार आहे. विषय दारूचा नाही, बांधकामाचा आहे; तेव्हा दारूबंदीवाल्या मित्रांनी स्वस्थ बसावे.

चौदाव्या शतकातील हे घर. जवळच हिंटन येथे १२३२ सालापासून कार्थुसियन साधूंचा मठ होता. मठाच्या मालकीच्या या गावात लोकरीची जत्रा भरे. व्यापारी उतरावेत आणि माल कोरडा राहावा, एवढ्याचसाठी ही इमारत उभी राहिली. माणसे खाली, लोकर माळ्यावर.

तळमजला दगडी आहे. वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, आणि प्रत्येक मजला खालच्याच्या पुढे आलेला. तुळया भिंतीपाशी न थांबवता पुढे काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभारायची. टोकावर भार पडला की तुळई मध्ये कमी झुकते. शिवाय वर जागा वाढते. अशा घरांत एका लाकडाला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारे टोक आणि आरपार लाकडी खुंटी, असा सांधा असे. ओक ओला असतानाच जोडीत. सांगाडा आधी सुतारांच्या आवारात जुळवून पाहत, सांध्यांवर रोमन आकडे कोरीत, मग सोडून गाड्यांतून जागेवर नेत. मधल्या चौकटी काठ्या विणून चिखल, पेंढा आणि शेण यांनी लिंपीत. म्हणजे कूडच की! आमच्या कोकणातल्या माणसाला ही भिंत परकी वाटायची नाही.

आकडे कोरणाऱ्यांची नावे मात्र कोठे सापडत नाहीत.

१६८५ साली ड्यूक ऑफ मॉनमथ याने राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड केले. त्याच्या सैन्यात विणकर, कारागीर, शेतकरी. अनेकांच्या हाती शेतीचीच अवजारे. २७ जूनला या गावात चकमक झाली. ६ जुलैला सेजमूर येथे ते चिरडले गेले. पुढे शेकडो फाशी गेले, शेकडो वेस्ट इंडीजला मजुरीस धाडले गेले.

मॉनमथ या घरात उतरला होता, असे तेथे येणाऱ्यांना आवर्जून सांगतात. लोकर विणणारी माणसे चकमकीच्या रात्रीच चिखल तुडवीत, भर पावसात फ्रूमच्या वाटेला लागली होती.