संदर्भावरून इंग्रजी शब्दांचा अर्थ
(केंद्र शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



इंग्रजीच्या तासाला एक दृश्य बहुतेक वर्गांत दिसते. मुलगा उभा राहून धडा वाचीत असतो. दोन वाक्ये नीट जातात. तिसऱ्या वाक्यात अनोळखी शब्द येतो, त्याचे बोट त्या शब्दावर थांबते आणि नजर पुस्तकातून निघून गुरुजींच्या तोंडाकडे जाते. गुरुजी मराठी अर्थ सांगतात. मुलगा तो पेन्सिलीने शब्दाच्या डोक्यावर लिहितो आणि वाचन पुढे चालू होते. वर्षअखेरीस पुस्तकाचे पान न् पान अशा पेन्सिलीच्या अक्षरांनी भरलेले असते. धडा झाला असे सर्वांस वाटते. परंतु त्याच मुलापुढे नवे पान ठेवले आणि गुरुजी जवळ नसले, की पहिल्याच अडलेल्या शब्दापाशी त्याचे वाचन संपते. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही व शब्दकोशही नाही, त्याच्या बाबतीत हे थांबणे कायमचे ठरण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा या प्रश्नाची पहिली जबाबदारी प्राथमिक शिक्षकाचीच होय.

वस्तुतः हेच मूल मातृभाषेत कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, वाटेत नदी लागली, मुलगा अभ्यासाला लागला, पिशवीत हात घातला तो किल्ली हाताला लागली. 'लागणे' या एका क्रियापदाचे हे निरनिराळे अर्थ कोणत्याही आईने आपल्या लेकराकडून पाठ करवून घेतलेले नाहीत. शेजारच्या शब्दांनी ते त्यास सांगितले. अर्थ शोधण्याची ही शक्ती मुलाजवळ शाळेत येण्यापूर्वीच असते. इंग्रजीच्या तासाला ती बाकाखाली ठेवून बसण्याची सवय त्यास लावली जाते, इतकेच.

दुष्काळी टापूतील एखाद्या तालुक्यात, समजा माण किंवा जत येथे, वर्गापुढे फळ्यावर ही चार वाक्ये लिहिली आहेत : 'द रेन्स डिड नॉट कम. द वेल वॉज ड्राय. द ड्राउट लास्टेड टू इयर्स. द फार्मर सोल्ड हिज बुलक्स.' यांतील 'ड्राउट' हा शब्द मुलांना ठाऊक नाही. शिक्षकाने तो सांगू नये, विचारावे. या शब्दाच्या आधी काय आहे? 'द' आहे; अर्थात हे नाम असले पाहिजे. ते किती काळ चालले? दोन वर्षे, म्हणजे ही हातात धरण्याची वस्तू नव्हे, काही काळ टिकणारी गोष्ट आहे. आधी काय घडले? पाऊस आला नाही, विहीर आटली. पुढे काय घडले, हा प्रश्न शिक्षकाच्या तोंडून निघण्यापूर्वीच बैल विकल्याचे वाचून कोणी तरी 'दुष्काळ' म्हणून उठेल, कोणी 'अवर्षण' म्हणेल. दोन्ही उत्तरे वाक्यात बसवून पाहावीत, दोन्ही बसतात. भरपूर पावसाच्या कोकणातील वर्गास कदाचित आणखी एखादे वाक्य द्यावे लागेल. मुलाने जे पाहिले-भोगले आहे तोही संदर्भच असतो आणि तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो.

परंतु या वाक्यांतील खरी अडचण 'ड्राउट' ही नव्हेच. ती आहे 'लास्टेड'. 'लास्ट' म्हणजे शेवटचा, हे मुलास पूर्वीच शिकविलेले असते. त्यामुळे येथे त्याचे बोट थांबत नाही. तो 'शेवटचा दुष्काळ दोन वर्षे' असा काहीसा अर्थ मनाशी धरून पुढे जातो. अनोळखी शब्द आपण अनोळखी असल्याचे निदान लपवीत नाही; ओळखीचा वेष घेतलेला शब्द चुकीच्या वाटेने नेतो आणि प्रवाशास त्याची खबरही नसते. इस्रायलमधील भाषाभ्यासक बाटिया लॉफर यांनी अशा फसव्या शब्दांचा मुद्दाम अभ्यास केला आहे. 'द बार्क ऑफ द नीम ट्री इज बिटर' या वाक्यात कुत्र्याच्या भुंकण्यास स्थान नाही, हे ध्यानात येण्यासाठी आधी 'हा अर्थ येथे बसत नाही' अशी शंका उत्पन्न व्हावी लागते. लिंबाची साल कडू असते हे खेड्यातल्या मुलास सांगावे लागत नाही. शंका घेण्यास मात्र शिकवावे लागते.

तर्काची दुसरी मर्यादा सूक्ष्म आहे. 'द एल्डर ब्रदर वॉज थ्रिफ्टी, बट द यंगर स्पेंट ऑल हिज मनी.' येथे 'बट' हा लहानसा शब्द सारे काम करतो. धाकट्याने सर्व पैसा उधळला, त्या अर्थी थोरला त्याच्या उलट. वर्गातून उत्तर येते : 'कंजूष'. हे उत्तर चूक म्हणून टाकून देणे अन्यायाचे होईल, कारण वाक्याने दिले तेवढे मुलाने घेतले आहे. तरीही कंजूष आणि काटकसरी यांत अंतर आहे, आणि कोणाही मराठी माणसास ते कळते : काटकसरी म्हटलेले चालते, कंजूष म्हटलेले झोंबते. लेखकाच्या मनात थोरल्या भावाविषयी आदर आहे की उपहास, हे पुढील वाक्य वाचल्यावाचून ठरत नाही. म्हणून पहिला तर्क हातात सैल धरावा व पुढे वाचीत जावे. कित्येक वाक्ये तर काहीच देत नाहीत. 'शी वोअर अ मोव्ह सारी' यावरून 'मोव्ह' हा एक रंग असावा एवढेच समजते. तो फिकट जांभळा आहे हे तर्काने काढावयास लावणे म्हणजे मुलांचा छळ आहे. ते सरळ सांगून मोकळे व्हावे.

संदर्भास बोलावयाचे असेल तर भोवतालचे शब्द ओळखीचे असावे लागतात. हू आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवितो की, कोणाच्या मदतीवाचून उतारा नीट समजण्यास त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधी ठाऊक असावे लागतात. म्हणजे पन्नासांत एक अनोळखी. ढाक्यास शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेले मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी वाचनमाला रचताना नवे शब्द मोजून व विरळ पेरले. त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ साली निघाली. ज्या धड्यात ओळीओळीला तीन शब्द अडतात, तेथे 'तर्क करा' असे सांगणे म्हणजे काळोखात सुई शोधावयास सांगणे होय. अशा धड्याचे महत्त्वाचे शब्द आधी फळ्यावर शिकवावेत आणि दोन-चारच तर्कासाठी राखून ठेवावेत.

शब्दाचे तुकडे पाडून अर्थ काढण्याची युक्ती वरच्या वर्गांतील मुलांना फार आवडते. 'करेक्ट'चा उलट 'इनकरेक्ट', 'व्हिजिबल'चा उलट 'इनव्हिजिबल'. मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे! रस्त्याने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर हाच शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेला आढळतो आणि त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे. या घोटाळ्याच्या भयानेच अमेरिकेत १९२० च्या दशकापासून अग्निप्रतिबंधाचे काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' हे रूप वापरण्याचा आग्रह धरला. येथे तुकड्यांनी फसविले, तरी टँकर, त्यातील पेट्रोल व त्यावरील ज्वालेचे चित्र हा संदर्भ खरे तेच सांगत होता. तुकड्यांवरून काढलेला अर्थ वाक्याशी किंवा वस्तूशी ताडून पाहण्याची सवय नसेल, तर चूक वहीपुरती राहीलच असे नाही. औषधाची बाटली व कीटकनाशकाचा डबा यांवरही इंग्रजी शब्द असतात. तेथे तर्क करून थांबू नये, जाणत्यास विचारावे, हेही वर्गात स्पष्ट सांगितले पाहिजे.

एकदा भेटलेला शब्द ध्यानात राहतोच असे नाही. नागी, हर्मन व अँडरसन यांनी १९८५ साली अमेरिकेतील विद्यार्थ्यांविषयी जे प्रसिद्ध केले त्यातही एका भेटीत होणारा लाभ अल्पच आढळला. भेटी वाढतात तसा तो साचत जातो. याकरिता वहीत चार रकाने आखून घेणे सोयीचे पडते. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात तो ज्यात आला ते पूर्ण वाक्य, तिसऱ्यात मुलाचा तर्क; चौथ्यात शब्दकोशातील अर्थ, पण तो त्याच दिवशी नव्हे. शाळेत शब्दकोशाची एकच प्रत असेल तर शनिवारी ती बाकाबाकावरून फिरवावी. तिसऱ्या रकान्यातील चुकलेला तर्क खोडरबराने पुसू देऊ नये. 'थ्रिफ्टी'पुढे 'कंजूष' आणि त्याच्या शेजारी 'काटकसरी' असे दोन्ही शब्द त्या पानावर राहू द्यावेत.